फुकटचे थांबे

माझे थोरले दीर जेवण झालं की पाकिटातून एक सोनेरी कार्ड काढतात आणि त्याच्या कोपऱ्याने दात कोरतात. कार्ड विमान कंपनीचं आहे. कोरून कोरून त्याचा एक कोपरा पांढरा पडलाय आणि नीट पाहिलं तर त्याच्या कडेला मागच्या जेवणातलं काहीतरी दिसतं. मी नीट पाहत नाही. कोरून झालं की ते कार्ड शर्टाच्या बाहीला पुसतात आणि पाकिटात ठेवतात. पुढच्या प्रवासात विमानतळावरच्या खास खोलीच्या दाराशी हेच कार्ड ते एका नीटनेटक्या मुलीच्या हातात देतात. ती हसून 'या सर' म्हणते. तिला कुणी सांगत नाही.

आमची दोन घरं एकाच मजल्यावर, समोरासमोर. दारं उघडी असली की त्यांच्या टेबलावरचं बोलणं माझ्या ओट्यापर्यंत येतं, आणि त्यांचं दार कायम उघडं, कारण पंख्यापेक्षा वारा स्वस्त. मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी पंप विकायचे. कारखान्यांना लागतात ते मोठे पंप. महिन्यातला बराच वेळ फिरतीवर. तिकीट कंपनीचं, हॉटेल कंपनीचं, आणि त्यावर पडणारे पॉइंट, जे साठले की फुकट विमानप्रवास, ते मात्र भाऊजींच्या नावावर. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली आणि मग त्या डोक्यात दुसरं काही बसायला जागाच उरली नाही. सरळ विमान असलं तरी हे वाट वाकडी करून दोन विमानांनी जायचे, कारण दोन विमानांचे पॉइंट जास्त. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याकडून पंप घेऊन मोकळं. बढती हुकली तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं उतरली, यांचं सोडून. "बढतीत फिरती बंद होते," म्हणाले. "तुम्हाला कळत कसं नाही?"

निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण तोवर क्रेडिट कार्डांवर पॉइंट मिळायला लागले होते. मग भाजी घराखालून घ्यायची बंद झाली आणि लांबच्या मोठ्या दुकानातून यायला लागली, कारण तिथे दुप्पट. भाजी सुकलेली, काकड्या कडू, पॉइंट तेवढे ताजे. सगळे मिळून बाहेर जेवायला गेलो की हे ज्याच्या त्याच्याकडून रोख गोळा करणार आणि बिल स्वतःच्या कार्डावर भरणार. माझी मुलं त्यांना पॉइंटकाका म्हणतात. त्यांना तो मान वाटतो.

त्यांच्या बाथरूममध्ये एक बादली आहे. फिरतीच्या वर्षांत हॉटेलांतून आणलेले साबण त्या बादलीत. कागदातले केव्हाच संपले. आता उरल्यात त्या पातळ चिपा, आणि त्या चिपा ओल्या करून एकमेकींवर दाबून भाऊजी त्यांचा गोळा करतात. हिरवा, गुलाबी, पांढरा, मध्ये एखादा केस. आमचं पाणी गेलं होतं तेव्हा मी एकदा तिथे आंघोळीला गेले होते. नुसत्या पाण्याने करून आले.

सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात मी या माणसाचा तळ पाहिला, असं मला वाटलं होतं. त्या आत, नळ्या लावलेल्या. डॉक्टर म्हणाले होते, जवळच्यांना बोलावून घ्या. आम्ही बाहेर बाकावर, एकमेकांकडे न बघता बसलेलो. आणि भाऊजी कॅशियरच्या खिडकीत डोकं घालून विचारत होते, "बिल दोन भागांत करून मिळेल का? अर्धं आज, अर्धं उद्या? उद्यापासून डबल पॉइंट आहेत." आमचे हे उठून बाहेर गेले. जाऊबाई बसून राहिल्या, मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत, गुंडाळत.

पण तो तळ नव्हता.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गोल, म्हणून ठकी. लग्न होऊन सातासमुद्रापलीकडे गेली तरी ठकीच. तिचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर, वर्षातला निम्मा वेळ पाण्यावर. ती पहिल्यांदा पोटुशी होती तेव्हा जाऊबाईंनी जायचं ठरलं होतं. बॅगसुद्धा भरली होती. भाऊजी म्हणाले, थोडे पॉइंट कमी पडतायत, महिनाअखेर जमतील, तोवर थांब. डॉक्टरांची तारीख लांब आहे, घाई काय? जाऊबाई थांबल्या. ठकी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. एकटी टॅक्सीने दवाखान्यात गेली आणि एकटी परत आली. बाळ राहिलं नाही.

"तू असतीस तरी काय केलं असतंस?" भाऊजी म्हणाले. "डॉक्टर होतेच ना."

महिनाअखेरीला पॉइंट जमल्याचा मेसेज आला. तो त्यांनी जेवताना वाचून दाखवला.

जाऊबाईंचं भांडण नाही, रडणं नाही. फक्त तेव्हापासून भाऊजींच्या तोंडून पॉइंट हा शब्द निघाला की त्या उठायच्या, दारातलं पायपुसणं उचलायच्या आणि गॅलरीत जाऊन झटकायच्या. आमच्या इमारतीत त्यांच्याइतकं स्वच्छ पायपुसणं कुणाचं नाही.

यंदा ठकीला परत दिवस गेले. पहिल्या वेळचं ऐकून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधीच ऑपरेशनची तारीख देऊन ठेवली. जावई नेमका दूरच्या समुद्रात, बाळ जन्मल्यावरच पोचणार. या वेळी आई जवळ असायलाच हवी, हे न बोलता सगळ्यांना कळलं होतं. भाऊजींनाही कळलं असावं, कारण त्यांनी दोघांची तिकिटं पॉइंटांवर काढली आणि आम्हाला चहाला बोलावलं.

टेबलावर त्यांनी जगाचा नकाशा पसरला होता. कडेला विमानातून आणलेला प्लॅस्टिकचा चमचा, तोच पट्टीसारखा धरून ते दाखवायला लागले.

"इथून निघायचं. पहिला थांबा इथे. आपला जुना डीलर आहे, कधीपासून ये म्हणतोय. दुसरा थांबा इथे, मनोरा बघायचा. तिसरा इथे. आणि मग ठकी."

"तिसऱ्या गावात काय आहे, दादा?" आमच्या यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"अरे, थांबा फुकट आहे. पॉइंट तेवढेच, गावं चार. नियमच आहे तसा. लोकांना माहीत नसतं."

जाऊबाई चहा ओतत होत्या. म्हणाल्या, "अहो, मला सरळ नाही का जाता येणार तिच्याकडे?"

"सरळ काय, कुणीही जाईल."

"मी कुणीहीच आहे."

"तू गप्प बस गं. ऑपरेशनच्या आधी आठवडाभर पोचतोय आपण."

त्यांनी कार्ड काढलं आणि कोरायला लागले. जाऊबाईंनी पायपुसणं उचललं.

निघायला थोडेच दिवस उरले होते आणि ठकीचा फोन आला. रक्तदाब वाढलाय, पायांना सूज आहे, डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन अलीकडे घेतलंय. नव्या तारखेला आपण कुठे असू ते बघायला भाऊजींनी नकाशावर चमचा ठेवला. चमचा बरोबर त्या तिसऱ्या गावावर पडला. जिथे काही नाही.

तिकीट बदलायला हवं होतं. अशा तिकिटांचा वेगळा फोन असतो आणि त्या फोनवर वेगळं संगीत असतं. दोन ओळींची एक धून, संपली की पहिल्यापासून. भाऊजींनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मी मटार सोलायला जाऊबाईंकडे गेले होते, म्हणजे खरं तर ऐकायला गेले होते. बऱ्याच वेळाने एक बाई बोलायला लागली. आवाज गोड नव्हता, दमलेला होता, पण सरळ होता.

"सर, थांबे काढून टाकले तर सरळ मार्गावर दोन सीट दिसतायत. मध्ये एकदा फक्त विमान बदलायचं. ऑपरेशनच्या चांगलं आधी पोचाल. घेऊ का?"

जाऊबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"यात थांबा कुठे आहे?" भाऊजी म्हणाले.

"थांबा नाही, सर."

"मग माझे तीन थांबे?"

"ते जातील."

"जातील म्हणजे? त्यांचे पॉइंट परत मिळणार?"

"थांब्यांचे पॉइंट नसतात, सर. ते फुकट असतात."

"तेच म्हणतोय मी, फुकट आहेत तर घालवायचे कशाला? निदान मनोऱ्याचा तरी ठेवा."

"तो ठेवला तर या सीट नाही मिळणार. दुसऱ्या कंपनीचं विमान आहे ते. पॉइंटवाल्यांसाठी ते दोन-चार सीट सोडतात, गेल्या की गेल्या. मी सांगते, घ्या तुम्ही."

"अहो घ्या ना," जाऊबाई म्हणाल्या.

भाऊजींनी तळहात उभा केला. हा त्यांचा हात मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलाय. पोलीस गाडी थांबवतो तसा, समोरच्याच्या तोंडासमोर. मग फोनकडे वाकून म्हणाले, "बाई, येताना घेता येतील का तीनही?"

"येताना एकच मिळेल."

"मग बाकीच्या दोघांनी काय घोडं मारलंय? मी बघतो जरा. परत करतो फोन."

दुपारभर ते कॉम्प्युटरवर मनोरा शोधत बसले. संध्याकाळी परत धून, परत वेगळी बाई. त्या दोन सीट गेल्या होत्या.

"गेल्या कशा?" भाऊजी म्हणाले. "मी सोनेरी कार्डवाला आहे."

जाऊबाई उठून माझ्या स्वयंपाकघरात आल्या. स्टुलावर बसल्या. मी चहा ठेवला. म्हणाल्या, "ठकीने पिशवी भरून दाराशी ठेवलीय म्हणाली. टॅक्सीचा नंबरही लिहून ठेवलाय. मला म्हणते, आई, मला आता रस्ता माहितीये."

"वहिनी, आम्ही काढतो तुमचं तिकीट," मी म्हटलं. "पैसे देऊन, साधं. हे आत्ता काढतील."

"आणि पासपोर्ट?"

मी विसरलेच होते. दोघांचे पासपोर्ट भाऊजींच्या गळ्यातल्या पिशवीत असतात. कापडी पिशवी, शर्टाच्या आत, अंगाला लागून. प्रवासाची सवय म्हणून आधी प्रवासात घालायचे, आता तिकीट काढलं की निघेपर्यंत घरातही घालतात. उन्हाळ्यात बनियनवर तिचा चौकोनी ओला डाग उमटतो.

"आणि तुम्ही काढलंत, तर ते रद्द करायला लावतील," जाऊबाई म्हणाल्या. "आणि परत आलेले पैसे स्वतःच्या कार्डावर घेतील."

आम्ही दोघी हसलो. हसण्यासारखं नव्हतं.

पुढे रोज ती धून. सकाळी ओट्याशी उभी राहिले की ती समोरून यायची, दुपारी पडले की यायची. माझ्या धाकट्याला पाठ झाली, तो शाळेचे बूट घालताना गुणगुणायला लागला, तेव्हा मी त्याला एक धपाटा घातला. शेवटी एकदाच्या दोन सीट निघाल्या. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पोचणारं विमान. थांबा एकही नाही. भाऊजींचं तोंड असं झालं होतं, जणू कुणी घरातला दागिना चोरून नेला.

"घ्या," जाऊबाई टेबलाच्या पलीकडून म्हणाल्या. त्या उभ्या होत्या.

भाऊजींनी घेतल्या. फोनवर तीच पहिल्या दिवशीची दमलेली बाई होती. तिकीट पॉइंटांवर असलं तरी कर आणि बदलाचे पैसे कार्डाने भरायचे असतात, ते तिने सांगितलं. आणि इथे भाऊजींनी ती गोष्ट केली जी या पृथ्वीवर फक्त त्यांनाच सुचली असती.

"अर्धे पैसे एका कार्डावर घ्या, अर्धे दुसऱ्यावर," ते म्हणाले. "माझं नवीन कार्ड आलंय, त्याच्या पहिल्या खर्चावर तिप्पट पॉइंट आहेत. जुन्यावर अर्धे टाकले की तिथला महिन्याचा कोटा पुरा होतो."

"एका बुकिंगला एकच कार्ड चालतं, सर."

"मग दोन बुकिंग करा. बायकोचं वेगळं, माझं वेगळं."

"एकदा वेगळं केलं की परत जोडता येत नाही. दोघांचा मग एकमेकांशी संबंध राहत नाही."

"नाही तर नाही. करा."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या फोनकडे पाहत होत्या.

जाऊबाईंचे पैसे जुन्या कार्डावर गेले. भाऊजींचे नव्या कार्डावर. बाई म्हणाली, "थोड्या वेळाने दोघांचे तिकीट नंबर येतील. ते आलेत ना बघून घ्या. नुसतं कन्फर्म दिसलं म्हणजे..." पुढचं भाऊजींनी ऐकलं नाही. त्यांनी फोन ठेवला होता आणि तिप्पट पॉइंट पडले का ते बघायला सुरुवात केली होती. स्क्रीनवर दोन्ही नावांपुढे हिरव्या अक्षरात कन्फर्म होतं. जाऊबाईंच्या नावाखाली एक लांबलचक आकडा होता आणि भाऊजींच्या नावाखाली काही नव्हतं, हे नंतर विमानतळावर कळलं. नवीन कार्डावर एवढा पहिलाच खर्च बघून बँकेला शंका आली होती. हा व्यवहार तुम्हीच करताय का, असा मेसेजही तिने पाठवला होता. पण भाऊजींच्या फोनवर दिवसभर पॉइंटांच्या ऑफरचे इतके मेसेज येतात की त्यांनी सगळ्यांचाच आवाज बंद करून ठेवलेला. बँक बिचारी वाट बघून पैसे थांबवून मोकळी झाली.

दुपारचं विमान होतं. आम्ही दोघं सोडायला गेलो. काउंटरवरच्या गणवेशातल्या मुलीने भाऊजींकडून दोन्ही पासपोर्ट घेतले, बोटं चालवली, थांबली, परत चालवली.

"काकू, तुमचं आहे. काका, तुमचं तिकीट नाहीये."

"नाहीये म्हणजे?" भाऊजींनी फोन तिच्या नाकासमोर धरला. "कन्फर्म लिहिलंय. वाचता येतं ना?"

"सीट कन्फर्म आहे, काका. पण त्या सीटवर तिकीट निघालेलं नाही. पैसे जमा झाले नाहीत, म्हणून निघालं नाही."

"म्हणजे लग्न ठरलंय, पण लागलेलं नाही," आमचे हे माझ्या कानात म्हणाले. मला हसू आलं नाही. जाऊबाई बॅगेची मूठ घट्ट धरून उभ्या होत्या.

मुलगी म्हणाली, "काकूंचं करून टाकू का? काउंटर बंद होईल थोड्या वेळात."

"आधी माझं," भाऊजी म्हणाले. "आम्ही एकत्र आहोत."

"इथे एकत्र दिसत नाही. दोन वेगळी बुकिंग आहेत. वेगळी करून घेतलीत ना तुम्ही?"

भाऊजींनी तिच्या हातातून दोन्ही पासपोर्ट ओढून घेतले, शर्टाचं वरचं बटण काढून गळ्यातल्या पिशवीत कोंबले आणि बाजूला होऊन फोन लावला. धून सुरू झाली. मागे रांग लागली होती. एक माणूस लहान मूल खांद्यावर घेऊन उसासे टाकत होता.

आमचे हे पुढे झाले. "दादा, या विमानात पैसे देऊन सीट आहे का विचारू?"

"आहे," मुलगी म्हणाली. "आत्ता घेतलीत तर दोघंही जाल."

भाऊजींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने काही घाणेरडी मागणी केली होती.

"पैसे देऊन? मी?"

"दादा, मी देतो पैसे."

"तुझ्या पैशांचा प्रश्न नाही. उभ्या आयुष्यात मी स्वतःच्या प्रवासाचं तिकीट विकत घेतलेलं नाही. आज घेणार नाही." मग बायकोकडे वळले. आवाज एकदम मऊ केला, गिऱ्हाईकाला पंप विकताना करत असतील तसा. "अगं, उद्या जाऊ. दोघं मिळून. हे लोक चूक कबूल करतील, वर काहीतरी भरपाईचे पॉइंट देतील. तू एकटी गेलीस तर माझी केस कमजोर होते. आणि तुला एकटीला विमान बदलता येणार आहे का तिकडे? डॉक्टर आहेत ना तिथे. एका दिवसाने काय होतंय?"

जाऊबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण तो चेहरा मी पाहिला नव्हता. राग नव्हता त्यात. स्वयंपाकघरातल्या मोरीत काहीतरी तुंबलेलं हाताने काढताना बाईचा चेहरा होतो, तसा होता.

"मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात," त्या म्हणाल्या.

फक्त धून चालू होती.

"माझा पासपोर्ट द्या."

"अगं, ऐक..."

"पासपोर्ट द्या."

फोनमध्ये धून थांबली आणि कुणीतरी नमस्कार म्हणालं. भाऊजींनी तळहात उभा केला, जाऊबाईंच्या तोंडासमोर. "थांब. नंबर लागला."

जाऊबाईंनी तो हात बाजूला केला. जोरात नाही, पडदा सारावा तसा. मग सगळ्या रांगेसमोर नवऱ्याच्या उघड्या गळ्यात हात घातला, दोरी धरली आणि पिशवी बाहेर ओढली. ती घामाने गच्च होती. दोरी भाऊजींच्या कानाला अडकली, चष्मा वाकडा झाला, आणि ते फोनवर "हो हो, ऐकतोय" म्हणत राहिले, कारण फोन ठेवला असता तर परत पहिल्यापासून वाट बघावी लागली असती. जाऊबाईंनी पिशवीतून आपला पासपोर्ट काढला. त्यांचा त्यांना ठेवला. आपला वेष्टणासकट हातरुमालाने पुसला, पुढून, मागून, आणि एकदा आतून. मग तो रुमाल शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि पासपोर्ट मुलीच्या पुढ्यात ठेवला.

"बॅगा दोन्ही का, काकू?"

"ही माझी. ती त्यांची."

मुलीने एक बॅग वजनावर घेतली. त्या बॅगेत बाळाची दुपटी होती, मागच्या वेळची. मला माहीत होतं, कारण त्यांनी धुऊन माझ्या गॅलरीत वाळत घातली होती, भाऊजींना दिसू नये म्हणून.

जाताना जाऊबाई माझ्या जवळ आल्या. "विमान बदलायचं कसं गं?" हळूच म्हणाल्या.

"पाट्या बघत जा. नाही कळलं तर कुणालाही विचारा."

"विचारीन," त्या म्हणाल्या आणि गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. मी म्हटलं, कशाला पाहतील.

परत येताना भाऊजी गाडीत पुढे बसले. मांडीवर त्यांची बॅग. खिडकीबाहेर बघत होते. मला क्षणभर वाटलं, लागलं असेल मनाला. मग म्हणाले, "एका दृष्टीने बरंच झालं. मला एकट्याला जायचंय म्हटल्यावर सीट सहज मिळेल. मनोरा घेता येईल." आणि पाकीट काढलं. मी खिडकीची काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून बसले.

घरी आल्यापासून परत ती धून. जाऊबाई पोचल्या, ठकी भेटली, एवढं कळलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून मी फोन उराशी धरून बसले होते. भाऊजींचा फोन सारखा बिझी, कारण ते काउंटर नंबर, बुकिंग नंबर, नव्या कार्डाची तक्रार असं सगळं सांगत बसले होते. म्हणून जाऊबाईंचा फोन माझ्याकडे आला.

"ह्यांचा लागत नाहीये," त्या म्हणाल्या. आवाज चिरकत होता. मागून एक बारीक, रागावलेलं रडणं येत होतं. "मुलगी झाली. ठकी बरी आहे. मी आत होते. मला आत जाऊ दिलं त्यांनी, मी तिचा हात धरून होते."

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. फोन ठेवला, तोंडावर पाणी मारलं आणि तशीच समोर गेले. भाऊजी नकाशापुढे बसले होते. फोन स्पीकरवर. टेबलावर अर्धं खाल्लेलं ताट, त्यात हात वाळलेला, आणि कार्ड दातात.

"भाऊजी," मी म्हटलं.

त्यांनी वर न बघता तळहात उभा केला. "थांब. नंबर लागतोय."

मी दारात उभी राहिले. त्यांचा तो हात तसाच हवेत होता, बोटांना आमटीचं पिवळं वाळलेलं. धून संपली आणि पहिल्यापासून सुरू झाली. मी त्यांच्या दारातलं पायपुसणं उचललं, गॅलरीत नेऊन झटकलं, परत जागेवर घातलं आणि माझ्या घरात आले. दार लावून घेतलं. मग मुलांना हाक मारली आणि यांना कामावर फोन लावला, आणि आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो.